सव्वादोन फुटांचा दांडा

कोल्हापूर नाक्याच्या अलीकडं, टायरवाल्याला लागून माझं शेड.
पाटीवर लिहिलंय : दस्तगीर मुलाणी, कराड.
स्कूटरला जादा चाकं बसवून मिळतील.
खाली बारीक अक्षरात : उधारी बंद.
पहिली गाडी माझ्याचसाठी केली.
डावा पाय दीड वर्षाचा असताना झोपला,
तो अजून उठलेला नाही.

केतकी पिसाळ आली ती असल्याच गाडीवरून, मसूरहून,
मागं घडीची व्हीलचेअर दोरीनं बांधलेली.
मला वाटलं, ब्रेक लागत नसेल.
म्हणाली, "काका, विमानाला पायात दोन पॅडल असतात.
ती मला हातात पायजेत."

"कुठलं विमान?"
"वारुंजीच्या धावपट्टीवर उभं आहे, दोन सिटांचं.
साहेब म्हणतात, पाय चालत नाहीत तर रडर कोण मारणार?
मी म्हटलं, माणूस आहे आमच्या कराडात."

माझ्याबद्दल एवढं मोठं खोटं
आजवर कुणी बोललं नव्हतं.

गेलो. विमान जवळून म्हणजे काय, पत्रा.
स्कूटरच्या मडगार्डपेक्षा पातळ.
टिचकी मारली, तेलाच्या डब्यासारखं वाजलं.
भीती तिथंच निम्मी झाली, आणि लगेच दुप्पट.
सीटखाली शिरून टेप लावला :
डाव्या पॅडलपासून तिच्या उजव्या हातापर्यंत सव्वादोन फूट.
एक दाबलं की दुसरं आपोआप मागं येतं,
म्हणजे एकच धरायचं.
ढकललं की नाक डावीकडं, ओढलं की उजवीकडं.

पण हात दोन आणि कामं तीन.
एका हाती स्टिअरिंग, एका हाती दांडा,
मग रेस कोण देणार?
चार रात्री छताकडं बघत काढल्या.
पाचव्या दिवशी गिऱ्हाइकाची स्कूटर चालू करताना
मूठ पिळली
आणि तिथंच हसत बसलो.
तेवीस वर्षं मुठीतच होती की.

कागद दिल्लीला गेला. दिल्लीनं नकाशा मागितला,
माझा नकाशा फरशीवर, खडूचा.
दिल्लीनं धातूचा दाखला मागितला, वजन मागितलं,
आणि विचारलं, दांडा निसटला तर?
हा प्रश्न मला आवडला.
एकाही स्कूटरवाल्यानं कधी विचारला नव्हता.
त्या दिवसापासून मी सगळ्यांच्याच गाडीला
दुसरी खीळ घालतो, पैसे न सांगता.
चौदा महिने गेले. मधे तिच्या आईचा फोन आला, दोनदा :
"भाऊ, तुम्ही जरा सावकाश करा हो काम."

उडाली तेव्हा मी कुंपणाबाहेर,
कुबडी तारेला टेकवून.
खरं सांगतो, मला विमान दिसत नव्हतं.
दांडा दिसत होता. चार नट, चार खिळी.
कृष्णा नि कोयना समोरासमोर येऊन
एकमेकींना धडकतात, तिथवर गेली
आणि डावीकडं वळली. म्हणजे ढकलला.
मग उजवीकडं. ओढला.
माझा हात आपला पुढं-मागं, पुढं-मागं.
वॉचमन म्हणाला, "काय दुखतंय का, चाचा?"

परवा शाळेत तिचा सत्कार झाला. शाल, नारळ.
सर माइकवर जिद्द जिद्द म्हणत राहिले,
ती खुर्चीत चुळबुळत राहिली.
प्रश्न विचारा म्हटल्यावर सहावीतली, कॅलिपर लावलेली
एक पोर टेबलाला धरून उठली :
"ताई, वर गेल्यावर लघवीला लागली तर?"
सर लाल झाले.
केतकीनं माइक जवळ ओढला
आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मन लावून बोलली,
दहा मिनिटं, सगळं.

काल ती पोर शेडवर आली, बापाला घेऊन.
मी म्हटलं, "सायकल का स्कूटर?"
उत्तर नाही. ती भिंतीकडं बघत होती,
तिथं माझा पहिला, चुकलेला दांडा टांगलाय,
दोन इंच आखूड पडलेला.
हात लांब करून तिनं स्वतःच माप घेतलं.
"मला ह्यो पुरतोय."