आठ मिनिटं

हॉल सकाळी दहा ते चार.
तासाला पंचेचाळीस पौंड, शनिवारी साठ,
चारनंतर दुप्पट.
मी एकवीस वर्षं स्विंडनमध्ये बस चालवतो.
उशीर म्हणजे काय, हे मला
पंचांगानं शिकवायला नको.

कुंदानं गॅसच्या बिलामागे यादी केली.
माणसं ऐंशी. केळीची पानं ऐंशी, ती खोडून
कागदी ताटल्या शंभर, शंभरावर सूट होती म्हणून.
हार साउथॉलहून, डिझेल वेगळं.
मसालेभात घरचा, जिलबी लेस्टरची.
सनईवाले खोडले, सनई फोनमध्ये आहे.
घोडा कोणी मागितलाच नव्हता,
तरी तिनं तो एकदा लिहिला आणि खोडला.
बचत झाल्यासारखं वाटतं, म्हणाली.

हॉलच्या मिसेस हॉब्सनी कळवलं,
कॉन्फेटी चालणार नाही.
अक्षता म्हणजे कॉन्फेटी का, यावर
आमचा नऊ दिवस पत्रव्यवहार झाला.
ठरलं ते असं: तांदूळ चालेल, झाडून घेतलात तर.
एक दाणा दिसला की दीडशेचं डिपॉझिट गेलं.
मग होमाचं निघालं.
धूर म्हणजे गजर, गजर म्हणजे बंब, बंब म्हणजे बिल.
अग्नी साक्षीला असू दे, पण बाहेर उभा राहू दे.

टिल्लू गुरुजी स्लाउचे,
तीन वाजता त्यांना रेडिंगला आणखी एक लग्न.
मी त्यांना थांब्यांसकट वेळापत्रक दिलं.
सीमांतपूजन दहा वीस.
मंगलाष्टकं अकरा पस्तीस, मावश्यांची स्वरचित नकोत.
कन्यादान बारा पाच.
ऋजुता ओट्यावर बसून टोस्ट खात होती.
बाबा, हे काढा, म्हणाली.
मी काय दान द्यायची वस्तू आहे?
मी पेन्सिल उचलली, काढलं.
आठ मिनिटं वाचली.

आठ मिनिटं वाचली की ड्रायव्हर काय करतो?
पुढच्या थांब्यावर गाडी उभी करतो,
इंजिन चालू, दार उघडं.
वेळेआधी निघता येत नाही.

त्या दिवशी बहुतेक सगळं वेळेवर झालं.
अंतरपाट घरी राहिला.
आमचे व्याही ग्लिन रंगारी आहेत,
त्यांनी व्हॅनमधली चादर आणली,
कोपऱ्यात क्रीम रंगाचा डाग होता,
तो स्वतःच्या बाजूला धरून उभे राहिले.
होम पार्किंगमध्ये, तंबूखाली, भाजायच्या ट्रेमध्ये.
सप्तपदीला तांदळाच्या राशी मांडाव्यात
तर जमीन ओली.
रीस म्हणाला, पट्ट्या आहेत की.
अपंगांच्या जागेशेजारच्या पिवळ्या तिरक्या पट्ट्या,
पावलापावलावर एक.
गुरुजींनी चष्मा वर करून मोजल्या.
सात ठळक, एक पुसट.
चालतील, म्हणाले.

तीन बावन्नला हॉल रिकामा.
मी झाडू शोधत होतो, तो तिच्या हातात होता,
पदर कमरेला खोचलेला.
तू कशाला, म्हटलं.
आहे ना वेळ, म्हणाली.
दोन भिंतींकडून झाडत आम्ही मधे आलो.
बोललो नाही काही.
रेडिएटरखाली पुष्कळ दाणे होते,
तिथे झाडू जाईना,
ते तिनं मेंदीच्या बोटांनी एकेक काढले.
बाहेर रीस गाडी सुरू ठेवून बसला होता.

चारला मिसेस हॉब्स वाकून वाकून पाहून गेल्या.
दीडशे परत.

सोमवारी पहिल्या फेरीला
स्टेशनच्या थांब्यावर वेळेआधी पोचलो.
बुटात काहीतरी टोचत होतं.
काढून पाहिलं, कुंकवानं लाल.
हिशेबाची वही घरी कपाटात होती,
आणि ती तर कुंदानं बेरीज करून मिटवलेली.
दाणा होता तिथे टाकला,
बूट चढवला.
मागून कोणीतरी विचारलं, निघायचं का?
अजून नाही, म्हटलं.