परातीतलं ऊन

एकोणीसच्या पुरात स्वयंपाकघरातला ओटा तेवढा उरला.
खालची प्लायची कपाटं पावासारखी फुगली,
कडाप्पा मात्र जसाच्या तसा,
वर बोटभर गाळ.
तो ओढून काढताना मी ठरवलं,
आता पांढरा दगड.
काळ्यावर घाण दिसत नाही,
आणि दिसली नाही की सगळे म्हणतात, घर कसं लख्ख आहे.

"हळदीच्या गावात पांढरा ओटा?"
हे एवढंच म्हणाले
आणि पैसे काढून दिले.

जुना कडाप्पा उचलायला चार माणसं लागली.
मागच्या दारी, नळापाशी, विटांवर टेकवला.
धुण्याचा दगड झाला.

नव्या ओट्यावर आठ दिवस मी काही ठेवलंच नाही.
चहाचं पातेलंसुद्धा ताटलीत.
रात्री पाण्याचा एक थेंब सोडून बघायची,
मोत्यासारखा उभा राहिला
तर दगडाचं तोंड मिटलेलं आहे.
पुढं पुढं थेंब बसायला लागला, पसरायला लागला.
मी बघितलं, आणि उद्या करू म्हटलं.

यांची आडत. मार्केट यार्डातून रोज पुड्या यायच्या,
राजापुरी, सेलम, कुठली कुठली.
ओल्या अंगठ्यानं घासून रंग बघायची सवय,
आणि घासायला माझा ओटा.
एका रात्री चिमूट राहिली, ओलीच.
सकाळी वाळवा तालुक्याच्या आकाराचा डाग.

लिंबू पिळलं.
बारीक फेस आला, दगड काहीतरी पुटपुटला,
पुसलं तर हळद तिथंच
आणि भोवती आंधळा चट्टा.
सोडा लावला.
पिवळं होतं ते लालभडक झालं,
ओट्यावर कुणी कुंकू सांडावं तसं.
मी मुकाट्यानं पाणी ओतत राहिले,
दुपारपर्यंत पुन्हा पिवळं.

मिरजेहून दस्तगीर पॉलिशवाले आले.
डोळे मिटून नुसता अंगठा फिरवला.
"हा लिंबाचा. हा हळदीचा.
संगमरवर म्हणजे चुन्याचाच भाऊ, ताई,
आंबट लागलं की झिजतो.
लिंबाचं मी घासून देतो.
हळद माझ्या हातात नाही,
हळद उन्हाला भिते."

तीनशे रुपये घेतले. लिंबाचे.

पण ओटा उन्हात न्यायचा कसा?
आमच्या आणि मगदूमांच्या भिंतीमधल्या बोळात
ऊन उतरतं पावणेअकराला,
अकरा वाजून पाच मिनिटांनी निघून जातं.
येतं ते नेमकं कडाप्प्यावर.

मग पुरणाची मोठी परात घेतली,
चिंचेनं घासली (तिला आंबट चालतं),
कडाप्प्यावर उभी केली, मागं वीट,
आणि खिडकीतून ऊन आत फेकलं.
पहिल्या दिवशी ते मिक्सरवर पडलं.
दुसऱ्या दिवशी गॅसच्या नळीवर.
ऊन सरकतं, म्हणून परात सरकवायची,
वीस मिनिटं तिथंच उकिडवं बसून.
मगदूम काकू गच्चीवरून म्हणाल्या,
"काय गं, विमानाला खुणा करतेस?"

बारा दिवसांत डाग सायीच्या रंगावर आला.
मग तीन दिवस आभाळ.
डाग तेवढाच राहिला, मीही.

सोळाव्या दिवशी हे यार्डातून लवकर आले.
काही बोलले नाहीत.
चप्पल न काढता मागच्या दारी गेले,
पँट गुडघ्यापर्यंत ओढून कडाप्प्यावर बसले,
परात मांडीवर धरली.
नखांत हळद तशीच.

मी आत, ओट्यापाशी.
यांचा हात जरा कापतो हल्ली,
ऊन छताला लागलं, देवाच्या फळीवर नाचलं,
माझ्या डोळ्यांत आलं.

"अहो, खाली.
अजून खाली. जरा डावीकडं.
थांबा.
आता हलू नका."