निलंबन

नववी 'ब'ला मी साध्या ग्लासांतच दाखवते,
कारण चंचुपात्रं दोनच उरली आहेत
आणि त्यातल्या एकाला चोच नाही.
पहिल्यात मीठ. ढवळलं, गेलं.
"कहाँ गया?"
"खो गया," मागच्या बाकावरून.
हरवलं नाही, चाखून बघा, म्हणते.
कुणी पुढे येत नाही.
प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालायचं नाही,
हे मीच शिकवलं होतं गेल्या आठवड्यात.

दुसऱ्यात खडूची पूड.
टॉर्चचा झोत मिठाच्या पाण्यातून न दिसता गेला होता,
इथे अडखळतो,
कण न् कण उजळत जातो.
फळ्यावर लिहिते: निलंबन.
आणि वर्ग हसतो.
"मैडम, निलंबन तो पटवारी का होता है!"
भूपेंद्र तोमरचे काका पटवारी.
तो हसत नाही.

मीही जरा फळ्याकडेच तोंड करून उभी राहते.

हजिऱ्याच्या सरकारी दवाखान्यात
बाबा कंपाउंडर. मनोहर टेंबे.
पांढऱ्या कोटाच्या खिशाला कायमचा जांभळा डाग.
खिडकीबाहेर गिरणीवाल्यांच्या बायका रांगेत,
बाटल्या घरून आणलेल्या,
कुणाची तेलाची, कुणाची गुलाबपाण्याची,
एकीच्या बाटलीला तर कणकेचं बूच.
खोकल्याचं लाल: त्यातून खिडकीचे गज दिसायचे.
जुलाबाचं पांढरं: भरून होईतो तळाला बसू लागायचं.
कागदाची पट्टी दुमडून, कात्रीने खाचा पाडून
ते डोस चिकटवायचे,
आणि पांढऱ्यावर आठवणीने लिहायचे,
हिला के पीना.
रांगेत वाचता येणाऱ्या दोघी-तिघीच.
म्हणून प्रत्येकीला हलवूनही दाखवायचे,
कानाशी धरून, खुळखुळ्यासारखी.

ज्या साली वस्तीत साथ आली
वहीत होता त्याच्या दुप्पट खडू संपला.
चौकशी झाली.
साहेब म्हणाले म्हणे, पाणी वाढवायचं होतं.
बाबा म्हणाले म्हणे, मग पाणीच राहिलं असतं.
दोन्ही 'म्हणे' आईचे.
सात महिने. अर्धा पगार.

पुढच्या खोलीत, किल्ल्याकडे तोंड करून
बाबा बसून राहिले.
सुरुवातीला गढूळ होते, ताट सरकवायचे,
माझ्या गणिताच्या वहीवर चिडायचे.
मग हळूहळू वरून नितळ होत गेले.
शेजारी म्हणाले, निवळले बघा.
तळाला काय बसत होतं
ते ग्लास उचलल्याशिवाय कसं कळणार.
आई उचलायची.
उठा, दळण आणा.
उठा, संक्रांत आली, गजक बघून या.
उठा, मिश्रांचं पोर रात्रभर खोकतंय,
तुम्हाला ऐकू कसं येत नाही?
तिला रसायनशास्त्र येत नव्हतं.
ते पांढरं औषध मात्र
तिने मला कितीदा तरी पाजलं होतं.

घंटा होते. वर्ग सांडतो बाहेर.
खडू आता खाली, पाणी वर, मध्ये रेघ.
भूपेंद्र दप्तर घेऊन घुटमळतो.
"मैडम, और हिलाते रहें तो?"
मी काही बोलायच्या आत
त्याने ग्लासच्या तोंडावर तळवा दाबलेला असतो,
उलटा, सुलटा, उलटा,
मनगटावरून बाहीत ओघळतंय,
वाळल्यावर दिसेल ते,
घरी विचारतील.