शून्य कुठं धरायचं

शून्य कुठं धरायचं
यातच पहिला दिवस गेला.
कुपवाड एमआयडीसी, शेड नंबर सतरा,
स्क्रीनवर काळं मैदान आणि तीन रंगांच्या तीन रेघा
माझ्या हुकमाची वाट बघत.
बाबालालभाईंनी बोट थेट काचेवर टेकवलं:
"हितं. क्रँकच्या मधोमध.
जे फिरतंय, त्याच्या पोटात शून्य असतंय."
ग्रीसचा ठसा उमटला.
मी पुसला नाही.

जीप डॉक्टर आवटीबाईंची.
जतच्या पलीकडे, अडलेल्या म्हशींसाठी
रात्री-बेरात्री धावून
तिसऱ्या गिअरचे दात गेलेले.
त्या जातीचा गिअरबॉक्स आता कुणी बनवत नाही.
मिरजेच्या भंगारात एका पिकअपचा मिळाला,
पाच गिअरचा, ठणठणीत,
पण याची भोकं आठ, इंजिनाची सहा,
आणि शाफ्ट अकरा मिलिमीटर लांब.
म्हणजे मधली बेल नवी करायची.
घंटेसारखी, क्लच पोटात घेऊन बसणारी,
जिचं नाव गाडीच्या मालकालाही ठाऊक नसतं.

इंजिनाच्या तोंडावर कागद लावला,
ग्रीसचा अंगठा फिरवला.
लहानपणी नाण्यावर कागद धरून पेन्सिल घासायचो,
तशी भोकं एकेक करून उगवली.
मग व्हर्निअर. मग पुन्हा व्हर्निअर,
कारण पहिल्या खेपेला माझा हात हलला होता.
डॉवेलच्या दोन पिना तेवढ्या खऱ्या.
बोल्ट नुसते धरून ठेवतात,
जागा पिनाच सांगतात.

"लगीनच लावतोय म्हना की," बाबालालभाई हसले.
मी माउस फिरवत राहिले.
माझ्या बैठकीत सोन्याचं माप निघालं, मानपानाचं निघालं,
शून्य कुठं धरायचं, कुणी विचारलं नव्हतं.
ते राहू दे.
भिंत आठ मिलिमीटर. बाहेरून सहा बरगड्या.
क्लचच्या फोर्कला एक खिडकी.

बुधवारी प्लायवूडचा नमुना कापून आला.
लावला, तर एकही भोक
ओळख देईना.
दोन रात्री काढलेलं, शतांशापर्यंत घासलेलं,
सगळं बरोबर. फक्त उलटं.
इंजिनाचं तोंड मी समोरून बघितलं होतं
आणि बेलचंही तसंच काढलं.
समोरासमोर उभ्या दोघांचा उजवा हात
एका बाजूला येत नसतो,
एवढं साधं.

बाबालालभाईंनी फळी उचलली,
तव्यावरची भाकरी उलथावी तशी उलथली,
ठप्प. बसली.
"फळी उलटती, ताई. ॲल्युमिनियम उलटलं नसतं."
आणि चहा सांगितला. दोन कट, एकात साखर कमी.

सुकुमार मगदुमांनी सागवानी पॅटर्न केला,
शंभराला सव्वा जास्त धरून.
"धातू निवताना आकसतो," म्हणाले,
"तापलेल्या मापावर इश्वास ठेवायचा नाही."
ओतीव आली ती वाळूची, खडबडीत, अजून कोमट.
बाबालालभाईंनी तिला दोरीनं टांगलं,
पान्ह्यानं हलकेच मारलं
आणि डोळे मिटले.
शेडभर एक लांब स्वर.
चीर नाही.
तिचं वाजणं तेवढंच. नंतर मशीनवर गेली,
क्लच पोटात बसला, आठ बोल्ट आवळले,
आणि ती कायमची गप्प झाली.

त्याआधी, क्लच बसायच्या आत, डायल लावून
क्रँक हातानं फिरवला होता.
काटा थरथरला: तीन, पाच, आठ शतांश,
आणि परत फिरला.
मी खुर्ची शोधली.

माधवनगरच्या रस्त्याला आवटीबाई स्वतः चालवत होत्या.
दुसरा. मग तिसरा.
बाबालालभाईंनी कान खाली, गिअरच्या दांड्याशी नेला.
"ऐकू येतंय काय काय?"
"काहीच नाही," मी म्हणाले.
"तेच ऐकायचं असतंय."

काचेवरचा ठसा अजून आहे.
नवं काम उघडलं की तीन रेघा येतात,
बरोबर त्याच्याखाली नाही,
किंचित डावीकडे.