नॉर्मल

बोरिंगचा दांडा हातातून सुटला अन् वर आला.
बस एवढंच झालं.
रक्ताचा थेंब नाही. घागर भरली होती,
ती मी डोक्यावर घेऊन घरी आणली, असं बाया सांगतात.
मले आठवत नाही.

रिपोर्टमंधी लिहिलं आहे, नॉर्मल.
शालीक तो कागद खिशात घेऊन फिरते,
पानठेल्यावर दाखवते, किराण्यात दाखवते,
जसा सातबारा.
मी पण वाचला. अक्षरं जागेवर बसत नव्हती,
सुपातल्या फोलावानी उडत होती,
म्हणून एका डोळ्यावर हात ठेवून वाचला.
नॉर्मल.

आता पाचवा महिना.
चुलीनं नाही, उजेडानं भाजते मी.
सकाळी नऊलेच शेजारच्या टिनावरून ऊन येते,
जसं कोणी भांडे घासाची राख डोळ्यात घासते.
कूलर लावला त जमीन उताराले लागते,
बंद केला त घामानं जीव जाते.
शेवटी कूलर चालू अन् कानात कापूस,
आपल्याच वावरातला, सरकी काढून.

बाजाराच्या दिवशी एक शब्द गेला.
हिरवं, बारीक पानाचं, वासाचं, वरणावर टाकते ते.
बोट दाखवलं. तोंडात जीभ अशी फिरली
जसा अंधारात हात काडीपेटी चाचपते.
भाजीवाली म्हणाली, "पालक?"
मी मान हलवली, होय म्हणून.
चार दिवस पालक खाल्ला.
पाचव्या रात्री अंगणात उठली होती,
उभ्याउभ्या आठवलं: सांबार.
सांबार, सांबार, सांबार.
कुत्रं उठून बसलं.

शाळेत खिचडी मी शिजवते.
त्रेचाळीस लेकरं, तेवढ्याच स्टीलच्या ताटल्या.
एक ताटली पडली
का कवटीच्या आतून कोणी घंटा वाजवते
अन् सुट्टी होत नाही.
मीठ टाकलं का नाही, लक्षात राहत नाही,
म्हणून चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा मारते.
एक रेघ मीठ, दोन रेघा हळद.
उरकुडे सरांनी एक दिवस रेघा पुसल्या,
तपासणीले साहेब येणार होते.
त्या दिवशी मीठ दोनदा पडलं.
साहेबानं दोन घास खाल्ले अन् पाणी मागितलं.

तिसरीतला प्रज्योत विचारते,
"काकू, तुमचं डोकं दुखते त दिसत काहून नाही?"
मी म्हटलं, "तुले भूक लागते ते दिसते काय?"
त्यानं विचार केला.
"दिसते. आई म्हणते, तोंड उतरते."
मंग माझं तोंड पाहत बसला, बराच वेळ.
दुसऱ्या दिवशी सगळ्या पोट्ट्यांनी ताटल्या अशा ठेवल्या
जशी खाली मांजर झोपली आहे.
दोन दिवस. तिसऱ्या दिवशी विसरले.
विसरणं काय असते, मले माहीत आहे.
मी रागावली नाही.

जाऊ म्हणते, कामाची चोरी, दुसरं काही नाही.
हात मोडला असता त गळ्यात बांधून फिरली असती,
बोरिंगवर बायांनी नंबर सोडला असता.
डोकं कशात बांधू?

काल दुपारी ती फिल्म काढली पाकिटातून.
काळी, मोठी, तिच्यात माझ्या डोक्याच्या चोवीस चकत्या,
कांदा चिरला तशा.
खिडकीले काच नाही, पोत्याचा पडदा फाटला.
चार खिळे ठोकले,
दर ठोक्याले खाली बसली,
उलटी येते का पाहिलं, मंग पुढचा ठोका.
उजेड निवला. राखाडी झाला,
जसं आभाळ भरून आलं.
चोवीस चकत्यांतून गाळून येते आता दुपार
अन् मी खाली खाटेवर पडून राहते.

शालीक आला, खिडकीकडे पाहून वरडला,
"हे काय केलं? दवाखान्याचा कागद होता तो!"
मी म्हटलं, हळू बोला.
नॉर्मलच आहे.
राहू द्या तिथं.