सहा नंबर

घोडबंदर रस्त्यावरून ओवळ्याला आत वळलात
की मेट्रोचे खांब मागे राहतात, आवाज राहत नाही.
फाटकावर नवी पाटी : तपसाधना व परिषद केंद्र.
तिच्याखाली दगडात कोरलेलं दुबाश शेटचं नाव
रंगाऱ्याने तीनदा बुजवलं.
दर गणपतीपर्यंत ते परत वाचता येतं.

मी सांतान. किल्ल्या माझ्याकडे, पंप माझ्याकडे,
आणि येऊरवरून बिबट्या उतरला
तर पाहुण्यांना खोल्यांत थोपवणंही माझ्याकडे.

शेट इथे हवा खायला यायचा,
बारा माणसं, दोन घोडे, एक पियानो घेऊन.
तबेल्यात आता प्रोजेक्टर.
मागल्या आठवड्यात एका बँकेची माणसं तिथे
'आपली ताकद, आपल्या उणिवा' असं फळ्यावर लिहीत होती.
दमट हवेत भिंत अजून घोड्याचा वास सोडते;
ती एकमेकांकडे संशयाने बघत होती.

बिलियर्डचं टेबल आठ जणांना हललं नाही,
म्हणून बिशपांना विचारून त्याचीच वेदी केली,
खोलीचं चॅपल झालं.
पांढऱ्या कापडाखाली थंडगार स्लेट,
तिच्यावर भाकर मोडतात,
आणि मला, देव क्षमा करो,
कधी कधी कडेकडेने घरंगळत जाणारा लाल चेंडू ऐकू येतो.

माझा आजा इनास या घरात धावायचा.
दुसरं काम सांगता येत नाही. धावायचाच.
भटारखान्याच्या भिंतीवर सात घंट्या,
भिंतीच्या पोटातून तारा,
तारेच्या टोकाला वर कुणाचा तरी हात.
घंटी थरथरली की खालचं नाव वाचायचं :
गच्ची. नहाणी. सहा नंबर.
आजा बर्फ घेऊन निघायचा, टॉवेल घेऊन,
कधी नुसताच.

म्हातारपणी मिस्सेत ती छोटी घंटी वाजायची,
सगळं चर्च गुडघे टेकायचं
आणि आजा अर्धा उठायचा.
बाप सदरा ओढून म्हणायचा, "बस. तुला नाही बोलावलं."
"मग कोणाला?" आजा विचारायचा,
जरा मोठ्यानेच.

गेल्या प्रायश्चित्तकाळात तीन दिवसांचं मौन होतं.
बावीस माणसं. चमचा पडला
तरी माफी नजरेनेच मागायची.
दुसऱ्या रात्री पावणेदोनला
भटारखान्यात घंटी वाजली.

सहा नंबर.
साठ वर्षांचा गंज झडून पिठाच्या डब्यावर पडला.
मी उठायच्या आधी माझे पाय निघाले होते.

वर दार उघडंच.
ब्रिजिदा तुस्कान, वसई,
नोंदवहीत 'येण्याचं कारण' ही जागा कोरी ठेवलेली बाई.
पलंग सरकवलेला, मागे भिंतीत पितळी मूठ,
मुठीवर तिचा हात, अजून तसाच.
पाणी? मी खुणेने विचारलं. गोळी? फादरना उठवू?
तिने तिन्हीला मान हलवली.
मग औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं,
'कोणी येतं का, एवढंच पाहायचं होतं.'

माझ्याकडे पेन्सिल नव्हती.
बोलायची बंदी.
एकवीस पायऱ्या चढून आलेलो, छप्पन्नाव्या वर्षी,
धाप लागली होती.
ती तिला ऐकू आली असावी.
तिने मूठ सोडली, आणि हात पदराला पुसला,
मासळी निवडून झाल्यावर पुसतात तसा.

सकाळी फादर वेलेरियननी चहापाशी कुजबुजत विचारलं,
"रात्री काय वाजलं?"
"उंदीर," मी म्हणालो.
"त्या तारा कापून टाक. रंगकामाच्या आधी."
"हो फादर."

रंगकाम झालं. भिंत आता मलईच्या रंगाची.
सहा घंट्या काढून मी भंगारात दिल्या,
साडेचारशे आले, ते पेटीत टाकले.
पिठाचा डबा मात्र
तिथून जरा हलवून ठेवलाय.