दम

ये. बस.
तिथं नाही. तिथं धूर येत नाही,
ती जागा ओक-जाची.
आज ती आलेली नाही, गुडघे धरलेत तिचे,
तरी जागा तिचीच.
तू वाऱ्याच्या तोंडाशी बस. डोळे चुरचुरतील.
सगळ्या तिथूनच सरकत सरकत इकडे आलो.
मला बावीस हिवाळे लागले.

नाव काय म्हणालीस? दारम.
सोलला बँकेत होतीस म्हणे, काचेच्या आड.
इथंही काच आहे, ही एवढीशी, डोळ्यांपुरती.
हा पाला चोळ तिच्यावर,
खाली धुकं धरणार नाही.
वास कसा आहे? कडूच असतो तो.
जेजूच्या या टोकाला सगळ्यांच्या हातांना तोच येतो,
देवळात जाताना, लग्नात, मयतीला.

कमरेला शिसं. आज चार किलो.
हसतेय ती मिन-जा, तिच्याकडे बघू नकोस,
पहिल्या दिवशी ती पट्टा उलटा बांधून
बदकासारखी वरच तरंगत होती.

नियम कुठं लिहिलेले नाहीत.
लहान शिंपला जिथल्या तिथं ठेवायचा.
उथळ पाणी म्हाताऱ्यांचं, तिकडं वळायचं नाही,
ते तुलाही लागणार आहे.
वर आलीस की शीळ निघेल,
घालावी लागत नाही, छातीच घालते.
तीच आमची हजेरी.
एकीची ऐकू आली नाही
तर सगळ्या माना वळतात.

आणि दम.
इथं कुणी कुणाला दम देत नाही.
देताच येत नाही.
ज्याचा त्याचा, जन्मताना मिळाला तेवढा.
तुझा किती ते पाणी सांगेल, तू सांगू नकोस.
खडकाखाली मोठा शिंपला दिसेल,
हात पोचतोय, पोचतोय असं वाटेल,
नेमकी तेव्हाच वर ये.
छुन-ह्वा म्हणायची, अजून एकच.
तो भिंतीवरचा नारिंगी फुगा तिचा.
कुणी वापरत नाही.
कुणी काढतही नाही.

चल, ओहोटी थांबायची नाही.

*

जाळी इकडे कर.
चार साळू, त्यातला एक रिकामा.
बरं आहे की.
मी पहिल्या दिवशी दगड आणला होता,
दोन्ही हातांनी, केवढ्या डौलात.

थांब, जाळीचं तोंड मिटू नकोस.
मिन-जा टाकतेय. ही टाकतेय. मोजायचे नाहीत.
आणि आभारबिभार तर मुळीच नाही,
त्यानं चव जाते.
माझा जरा लहान आहे. आज तेवढाच होता.

हे काय, वारा फिरला वाटतं.
बावीस हिवाळ्यांनी धूर पुन्हा माझ्या डोळ्यांत.
सरक थोडी.
अगं उठू नकोस,
सरक म्हटलं.